करणं, करवणं आणि अनुमोदना



गेल्या वर्षी चातुर्मास बसत होता त्याच दिवसांत शहापूरची बातमी आली. ८ जुलै २०२५. २०१४ पर्यंत आपला आणि शहापूरचा जिल्हा एकच होता, म्हणजे काही परकी जागा नव्हे. तिथल्या एका शाळेत शौचालयात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना हॉलमध्ये बोलावून डागांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि पाळी कोणाला आहे ते विचारलं. 'हो' म्हणणाऱ्यांची नोंद झाली. 'नाही' म्हणणाऱ्यांना आत नेऊन, कपडे उतरवून तपासलं, अशी पालकांची तक्रार. दुसऱ्या दिवशी पालक शाळेवर धडकले. मुख्याध्यापिका आणि सेविका, दोघींना अटक झाली, पॉक्सोचा गुन्हा लागला.

डाग पडला तर एक बादली पाणी आणि खराटा लागतो. मुलग्यांनी नळ मोडला म्हणून कधी सगळ्या वर्गाचे कपडे उतरवल्याचं ऐकलंय?

फेब्रुवारी २०२० मध्ये भुजच्या मुलींच्या एका संस्थेत ६८ जणींना असंच तपासलं होतं. तिथे कारण विटाळाचं होतं, स्वयंपाकघर आणि मंदिराच्या नियमाचं. शहापुरात धर्माचा काही संबंध नव्हता, तरी कृती तीच. आणि दोन्हीकडे तपासणाऱ्या बायकाच. मला यात नवल वाटत नाही. संस्था कोणाचीही असो, मुलींच्या अंगावर पहारा ठेवण्याचं काम बाईलाच देतात, आणि तेवढ्यापुरता मिळालेला अधिकार तिला मोठा वाटतो.

आपल्याकडे हिंसेचे प्रकार नीट सांगितलेत: करणं, करवणं आणि अनुमोदना. सेविकेने केलं असेल, वरच्यांनी करवलं असेल, ते कोर्ट बघेल. मला बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल. त्या आठवड्यात उपाश्रयाच्या पायरीवर मी ऐकलं, "रीत चुकली, पण मुलींनी पण घाण ठेवायची का?" नोव्हेंबरात आपल्या वसईत शाळेत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या आणि आठवड्याभरात ती गेली. तेव्हाही हेच. "वाईट झालं, पण आम्हीही मार खाल्लाच की." या 'पण'मध्ये अनुमोदना असते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, त्यात 'पण' नाही.

कोणी म्हणेल, सामायिक घेताना आपण श्राविका 'करणार नाही, करवणार नाही' एवढंच बांधून घेतो. अनुमोदनेचा त्याग साधू-साध्वींचा. खरं आहे. पण ती सूट संसार चालावा म्हणून आहे. चूल पेटते, पाणी तापतं, दुकान चालतं. पोरीला उघडं करण्यावाचून कोणाचा संसार अडलाय?

तीन दिवस देरासरात न जाणं, पोथीला हात न लावणं मी पाळत आले. ते पाळणारी स्वतः सांगते, तिच्या शब्दावर चालतं. पच्चक्खाण झडती घेऊन देता येत नाही. सून सांगेल तेवढं ऐकून न घेता कॅलेंडरवर तारखा मोजत बसणारी घरं मात्र आपल्यात आहेत, आणि शहापूरच्या त्या हॉलपासून ती फार लांब नाहीत.

इथे वटारला शेजारची सातवीतली पोरगी मला विचारत होती, "आजी, आमच्या शाळेत विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, काही सांगायचं नाही. "माझ्या आईला फोन लावा" म्हणायचं, आणि आई येईपर्यंत कोणाबरोबर आत जायचं नाही, मग बाई असो की मोठ्या बाई. तिच्या आईला नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यायला सांगितला. आता पालकसभेत ती विचारणार आहे, मुलींच्या शौचालयात झाकणाची कचरापेटी आहे का, नळाला दुपारी पाणी असतं का, आणि पॅड मागायचं तर कोणाकडे. एकटी नको, म्हणून मीही जाणार आहे.