शून्य कुठे मांडायचं?

उन्हाळा आला की सोलापुरात दोनच आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. एक तापमानाचा, दुसरा उजनीचा! "उजनी मायनसमध्ये गेलं" हे मेसच्या रांगेतही ऐकू येतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मायनस म्हणजे झिरोच्या खाली, एवढं पक्कं पाठ. पण धरणात पाणी उणे असेलच कसं? माझी रूममेट रत्नागिरीची. ती तर घाबरूनच गेली. "अगं, धरण रिकामं झालं तर आपण प्यायचं काय?"

खरी गोष्ट अशी. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. त्यावरचा 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. रोजची टक्केवारी फक्त या वरच्या भागावर काढतात. म्हणजे शून्य टक्के असतं तेव्हाही खाली 63 टीएमसी पाणी असतं! 2024 च्या उन्हाळ्यात आकडा उणे 60 च्या आसपास गेला, तेव्हाही साधारण 31 टीएमसी शिल्लक होतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. मग निर्धास्त राहायचं का? तेही नाही. तळाशी गाळ असतो, आणि पातळी फार उतरली की शहरासाठी दुबार पंपिंग करावं लागतं.

आकडा खरा, पण नुसता आकडा वाचून कुणी उगाच घाबरतं, तर कुणी उगाच निवांत राहतं. म्हणून मी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डासाठी एका पानाचा रिपोर्ट करायला घेतला.

पहिली गोष्ट, एका पानाला एकच प्रश्न: आज पाणी किती? त्याचं उत्तर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. नजर आधी तिथेच जाते.

दुसरी, बार तळापासून काढायचा. विल्यम प्लेफेअरने 1786 साली पुस्तकात बार चार्ट छापला, तेव्हापासून आपण लांबी बघूनच तुलना करतो. खालचा भाग कापला की लांबी खोटं बोलते. म्हणून मी मृतसाठाही दाखवला आणि शून्याची रेघ मधोमध जाड ओढली.

तिसरी, नाव वस्तूच्या शेजारीच. "इथून खाली मृतसाठा" हे रेघेलाच चिकटून लिहिलं. कोपऱ्यात वेगळी यादी दिली की वाचणाऱ्याची मान दुखते!

चौथी, तक्त्यातले आकडे उजवीकडे एका रेषेत, दशांश सारखेच, आणि एकक फक्त शीर्षकात.

पाचवी, रंग कमी. झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही करडेच होतात. थ्री-डी पाय चार्ट तर नकोच. त्यात पुढची फोड उगाच मोठी दिसते. आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची. ती वाया जात नाही, डोळ्यांना विसावा देते.

पान आधी मेसच्या काकूंना दाखवलं. एक मिनिटभर बघून त्या म्हणाल्या, "म्हंजे पानी हाय, पर तळाचं हाय. पोरींना सांग, नळ जपून सोडा." टक्केवारी, टीएमसी, काहीच समजावून सांगावं लागलं नाही!

सबमिशनचे दिवस आहेत. प्रत्येकाच्या फाईलीत ग्राफ असणारच. रंग निवडायच्या आधी एवढंच विचारा: हे वाचणार कोण, आणि वाचून तो करणार काय? शून्य कुठे मांडायचं, ते मग आपोआप कळतं.