चार सेंटिमीटरचा प्रश्न

आमच्या व्यवसायात ‘सस्पेन्शन’ हा शब्द निघाला की स्टाफरूममधले आवाज खाली येतात. कोणाचे, कशासाठी, चौकशी समितीवर कोण, असे प्रश्न पाठोपाठ येतात. मराठी शिकवणारे आम्ही नवराबायको हा शब्द रोज उच्चारू लागलो तेव्हा सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटली आणि खुलासा केल्यावर निराशा. प्रश्न आमच्या निलंबनाचा नव्हता. गाडीच्या स्प्रिंगांचा आणि शॉकअपचा होता.

गाडी फोक्सवागन पोलो, जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली. २०२२ साली तिचे भारतातील उत्पादन थांबले. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. हिला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणावे की ‘चपळ हॅचबॅक’, या वर्गीकरणाच्या वादात आम्ही शिरत नाही. साहित्यप्रकारांच्या वादात आमची पुरेशी वर्षे गेली आहेत. रोज गिरगावातून भायखळा-लालबागमार्गे परळ आणि तिथून दादर, हा तिचा आमच्यासह प्रवास. शॉकअप थकले होते, ते बदलणे भागच होते. ऑपेरा हाउसजवळच्या मोटारींच्या बाजारात चौकशी केली तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, ‘‘सर, बदलताच आहात तर कॉइलओव्हर टाका, गाडी लो करून घ्या. मॅडम, लुकच बदलेल.’’

आमच्या मनातले तो बोलला होता. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती रिकामी पोकळी आम्हांला कित्येक दिवस खुपत होती. गाडी चार सेंटिमीटर खाली आली तर तिची रेषा पुरी होईल, असे वाटत होते. ही इच्छा सौंदर्याची होती, उपयुक्ततेची नव्हती, हे इथेच नोंदवतो. कारण पुढचा सारा हिशेब या इच्छेशीच आहे.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या अंगावरच गुंडाळलेली स्प्रिंग. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यावरची कडी फिरवली की स्प्रिंगची बैठक वरखाली होते आणि गाडीची उंची बदलते. काही संचांत नळीचा खालचा भाग स्वतंत्रपणे फिरवून उंची ठरवता येते, त्यामुळे स्प्रिंगवरचा दाब बदलत नाही. याहून स्वस्त मार्ग म्हणजे मूळ शॉकअप ठेवून फक्त आखूड स्प्रिंगा घालणे. पण मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगेसाठी घडवलेला असतो. आखूड आणि कडक स्प्रिंगेला आवरताना तो लवकर दमतो. आमचे तर आधीच दमलेले होते.

या संचांविषयी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली: स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे आपण बोलताना एक करून टाकतो. स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. साठवलेली ऊर्जा ती परतही करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगेवरची गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, ऊर्जेची उष्णता होते आणि डोलणे थांबते. ‘धक्के शोषणारा’ हे त्याचे नाव तितकेसे खरे नाही. धक्का स्प्रिंग झेलते. शॉकअप त्याची आठवण पुसतो.

गाडी खाली आणली की चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागाही तेवढीच कमी होते. त्या थोड्या जागेत धक्का थोपवायचा तर स्प्रिंग कडक हवी. शिवाय पुढच्या बाजूला पोलोला मॅक्फर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याची १९४०च्या दशकातली ही रचना जागा वाचवते, पण फार खाली आणलेली तिला मानवत नाही. चाकाला धरून ठेवणारे खालचे आर्म उलट्या दिशेने कलतात, वळणावरचा गाडीचा काल्पनिक आस तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली घसरतो आणि खाली आणलेली गाडी कडक स्प्रिंगांच्याच जोरावर सरळ उभी राहते. मागच्या बाजूला तर पोलोची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी बसतात. तिथे ‘कॉइलओव्हर’ हा शब्दच लागू पडत नाही. खोक्यावर मात्र तोच असतो.

तरीही आम्ही संच पाहिले. जर्मनीच्या केडब्ल्यूचे, बिलस्टाईनचे, तैवानच्या बीसी रेसिंगचे. बीसीच्या प्रसिद्ध संचात शॉकअपच्या कडकपणाच्या ३० पायऱ्या. केडब्ल्यूच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या. चौपाटीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा चिखल यांत आट्यांवरची कडी गंजून घट्ट बसली तर उंची बदलण्याची सोय कागदावरच राहते, म्हणून हा गुण आम्हांला मोलाचा वाटला. किमती लाखाच्या आसपास आणि पुढे. त्या आकड्यानेही आम्ही मागे हटलो नव्हतो. मागे हटवले ते टेपने.

एका रविवारी सकाळी आम्ही टेप घेऊन गल्लीतला गतिरोधक मोजला. लोकांनी विचारले, आम्ही सांगितले, त्यांनी मान डोलावली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांत गोल गतिरोधकाचे माप दिले होते: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. या मापात शहाणपण आहे. पोलोची पुढची-मागची चाके सुमारे अडीच मीटर अंतरावर असतात. ३.७ मीटरच्या उंचवट्यावर दोन्ही चाके एकाच वेळी चढलेली असताना मधला उंचवटा गाडीच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. आमच्या गल्लीतला गतिरोधक हा डांबराचा मीटरभर रुंदीचा ढीग आहे, उंची साडेबारा सेंटिमीटर. दोन्ही चाके सपाटीवर असताना तो अख्खाच्या अख्खा गाडीच्या पोटाखाली येतो.

आता वजाबाकी. गाडीची जमिनीपासूनची उंची कागदावर साधारण १६५ मिलिमीटर. चौघे बसल्यावर आमच्या टेपने ती १३५ दाखवली. गतिरोधक १२५. उरले दहा. चार सेंटिमीटर खाली आणल्यावर, कडक स्प्रिंगांमुळे भाराने गाडी कमी दबेल हे जमेस धरूनही, पोट १०५वर येते. म्हणजे दोन सेंटिमीटर डांबर रोज दोनदा खरवडायचे. प्रमाणित गतिरोधकावर हीच खाली आणलेली गाडी सहा सेंटिमीटर राखून गेली असती. तेव्हा दोष गाडीच्या उंचीत नाही, हे कळले. पण रस्ता बदलून मिळत नाही, हेही कळले.

पुढचा रस्ता वाचकांच्या ओळखीचा आहे. काँक्रीटच्या पातळीपेक्षा खाली बसलेली मॅनहोलची झाकणे, खड्ड्यात बसवलेले आणि पावसात सुटे झालेले पेव्हर ब्लॉक, गणपतीनंतर मांडवाच्या खांबांचे बुजवलेले आणि अर्धवट बुजवलेले खळगे. २०११ साली सुरू झालेला लालबागचा उड्डाणपूल यातले बरेच काही टाळतो, पण त्याचे सांधे ताल धरतात. हिंदमाताला पाणी साचते ते वर्षांनुवर्षांच्या परिचयाचे. तिथे चार सेंटिमीटर म्हणजे पाणी दाराच्या उंबऱ्यावर की उंबऱ्याखाली, एवढा फरक.

मागच्या सीटवर बहुधा आई असतात: एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई. वय ७६, पाठीचे दुखणे जुने. मानवी शरीर उभ्या दिशेच्या कंपनांत सेकंदाला चार ते आठ वेळांच्या कंपनांना सर्वांत अधिक संवेदनशील असते. साध्या मोटारीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळा डोलतो. स्प्रिंग कडक करत गेलो की तो आकडा त्या नकोशा पट्ट्याकडे सरकतो. कॅटलॉगात हे लिहिलेले नसते. आईंना हे गणित सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘खाली बसणार म्हणजे मला उठताना आणखी त्रास का रे?’’ वजाबाकी त्यांचीही तयार होती.

राहिला कायदा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. जर्मनीत असा संच तपासणी संस्थेच्या दाखल्यासह येतो, किती मिलिमीटर खाली आणता येईल ते त्यात लिहिलेले असते आणि गाडीच्या कागदांवर त्याची नोंद होते. आपल्याकडे गॅसवर चालवण्यासाठी किंवा दिव्यांग मालकाच्या सोयीसाठी केलेल्या बदलांना परवानगीची वाट आहे. गाडी खाली आणण्यासाठी सामान्य मालकाला तशी वाट दिसत नाही. रस्त्यावर पाहिले तर शेकडो गाड्या खाली आणलेल्या आहेत, हे खरे. पण अपघातानंतर विमा कंपनीसमोर ‘सगळेच करतात’ हे विधान टिकत नाही; निबंधातही टिकत नाही.

शेवटी आम्ही कॉइलओव्हर घेतले नाहीत. बिलस्टाईनचे मूळ उंचीसाठी घडवलेले बी-६ मालिकेचे शॉकअप निवडले. खाली आणलेल्या गाड्यांसाठी त्यांची बी-८ ही आखूड मालिका वेगळी आहे. स्प्रिंगा मूळच्याच. गाडी दिसायला तशीच राहिली, ती पोकळीही तशीच. पण उंचवटा उतरल्यावर गाडी एकदाच बसते, डोलत नाही. भायखळ्याच्या वळणावर स्टिअरिंग हातात काही बोलते. जे बदलले ते दिसत नाही. स्टाफरूमला विचारले तर ‘खर्च नेमका कुठे झाला?’ असा प्रश्न येतो आणि त्याला दाखवण्यासारखे उत्तर आमच्याकडे नाही.

असा निर्णय घेऊ पाहणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की कॅटलॉग उघडण्यापूर्वी घरची सारी माणसे गाडीत बसवून आपल्या रोजच्या रस्त्यावरची सर्वांत वाईट जागा मोजावी. मरीन ड्राइव्ह मोजू नये. तिथे सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. संध्याकाळी तिथून एखादी खाली आणलेली पोलो गेली की आम्ही दोघेही मान वळवून पाहतो. चार सेंटिमीटरची ती इच्छा अजून आहे.