खालची बाजू

प्लेनर घेतला तेव्हा माझी समजूत अशी होती की एका बाजूनं वाकडी फळी घातली की दुसऱ्या बाजूनं सरळ फळी बाहेर येते. आकडा सेट करा, बटण दाबा, निकाल घ्या. सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला अशी समजूत करून घ्यायला फार कष्ट पडत नाहीत.

फळ्या आमच्या गावच्या घराच्या होत्या. वाईजवळचं घर पाडलं तेव्हा चुलत्यांमध्ये दगड, पत्रे, भांडी सगळ्याची वाटणी झाली. बाबांच्या वाट्याला सागवानाची एक तुळई आली. ती वर्षभर चिंचवडला आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून पडून होती आणि आई येता-जाता तिला अडखळत होती. शेवटी मी म्हटलं, हिचं जेवणाचं टेबल करतो. वखारीत नेऊन ती चिरून आणली. साडेपाच फूट लांब, आठ इंच रुंद, साधारण ३८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या निघाल्या. सोसायटीतल्या एका फ्लॅटच्या फर्निचरचं काम करणारे मिस्त्री ओळखीचे होते. ते म्हणाले, टिंबर मार्केटमध्ये मोठ्या मशीनवर एका तासात रंधून देतील. मला ते नको होतं. मला ते स्वतः करायचं होतं. त्यामागं हौस किती आणि आठवडाभर स्क्रीनपुढं बसल्यावर हातात काहीतरी जड धरावंसं वाटणं किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

टेबलावर ठेवायचा म्हणून त्याला बेंचटॉप प्लेनर म्हणतात, पण वजन चाळीस किलो. बाबा आणि मी दोघांनी मिळून तो उचलला आणि तेव्हाच बाबांनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं. बाबा एकतीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होते. लेथच्या मानानं हे खेळणंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "लाकूडच तर आहे," ते म्हणाले.

यंत्राची रचना सोपी आहे. खाली गुळगुळीत लोखंडी पाट. वर एक आडवा दंडगोल, त्यात तीन पाती. त्याच्या पुढं आणि मागं एकेक रबरी रोलर. रोलर फळीला पाटावर दाबतात आणि पुढं ओढतात, पाती वरचा थर काढतात. दंडगोल मिनिटाला १०,००० फेरे मारतो. तीन पाती म्हणजे मिनिटाला ३०,००० घाव. जलद गतीवर फळी मिनिटाला साधारण आठ मीटर सरकते, म्हणजे दर मिलिमीटरला जवळजवळ चार घाव. हळू गतीवर सात. दंडगोलाचा व्यास पन्नास मिलिमीटर धरला तर पात्याची धार ताशी नव्वद किलोमीटरच्या वर पळत असते. हे सगळं मी पहिल्या रात्री वहीत मांडलं आणि फार खूष झालो. खालचा पाट आणि वरची पाती यांच्यातलं अंतर तेवढं ठरतं, बाकी फळीचा आकार यंत्राला ठाऊकच नसतो, हा त्या आकडेमोडीतून निघायला हवा होता तो निष्कर्ष मात्र मी काढला नाही.

तो मिस्त्रींनी काढून दिला. मी पहिली फळी चार वेळा घालून काढली होती. वरून आरशासारखी झाली होती. मिस्त्रींनी ती जमिनीवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. फळी टकटक वाजली. दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्यांनी डोळा लावला. पुढची पट्टी एकीकडे झुकलेली, मागची दुसरीकडे. "पीळ आहे. जेवढा होता तेवढाच आहे. ह्याला खालून जे दाखवाल, तेच ते वर काढणार, दादा."

रोलर इतक्या जोरानं दाबतात की पिळलेली फळी यंत्रात असेपर्यंत सपाट होते. पाती इमानदारीनं एकसारखा थर काढतात. बाहेर आली की फळी पुन्हा आपल्या मूळ आकारात जाते, फक्त पातळ होऊन. प्लेनर फळी सरळ करत नाही, एक बाजू दुसरीला समांतर करतो. आधी एक बाजू दुसऱ्या कशानं तरी सपाट करावी लागते. मिस्त्रींनी दुसऱ्या फळीची एक बाजू हातरंध्यानं वीस मिनिटांत करून दिली, आडवा, तिरका, मग उभा असा रंधा मारत. मला ते जमलं नाही. मी १८ मिलिमीटरच्या प्लायची एक पाठफळी केली, वाकडी फळी तिच्यावर ठेवली, जिथं पोकळी राहत होती तिथं पातळ पाचरी सरकवून गरम गोंदानं चिकटवल्या, म्हणजे रोलरनं दाबलं तरी फळी दबणार नाही. त्या प्लायसकट यंत्रात घातली. मग वरची बाजू खरोखर सपाट निघाली, आणि पलटून, प्लाय काढून टाकून, दुसरी बाजू करता आली.

यंत्र बसवण्यात दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी मी साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवलं. १,८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर आठ अँपिअर, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. वायर हाताला कोमट लागली. इलेक्ट्रिशियन बोलावून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग करून घेतलं. यंत्र जाड स्टँडवर बोल्टनं आवळलं. पुढची-मागची घडीची पानं मुख्य पाटाच्या पातळीत आणण्यासाठी लांब अॅल्युमिनिअमची पट्टी ठेवून खालचे स्क्रू फिरवले; आणि बाहेरची टोकं मुद्दाम रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी वर ठेवली. कारण फळीचं पहिलं आणि शेवटचं दोन-तीन इंचांचं टोक एकाच रोलरच्या ताब्यात असतं. फळीचं वजन बाहेर लोंबलं की ते टोक वर उचललं जातं आणि तिथं पाती खोल जातात. ती खाच हाताला लगेच कळते. मी फळ्या तीन इंच जास्त लांब ठेवल्या होत्या, कापून टाकण्यासाठी. एका फळीत तरीही खाच राहिली. ती टेबलाच्या आईच्या बाजूला आहे. आईला ती आवडते, असं ती म्हणते.

खिळ्यांचं वेगळंच. जुन्या तुळईत काय काय ठोकलेलं असतं याचा हिशोब कुणाकडे नसतो. कंदिलाचा, पाळण्याचा, फोटोचा. दिसतील ते उपटले, तारेच्या ब्रशनं माती काढली, लोहचुंबक फिरवला. एक तरी राहिलाच, मोडून आत गेलेला. टिंग असा बारीक आवाज आला, आणि तिथून पुढं प्रत्येक फळीवर त्याच जागी केसाएवढी उभी रेघ उमटायला लागली. तिन्ही पात्यांना एकाच ठिकाणी टवका गेला होता. त्यावर उपाय आहे: प्लग काढून, एकच पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवायचं, म्हणजे दुसऱ्यानं सोडलेली रेघ ते खाऊन टाकतं. पातं बदलताना मात्र हातमोजे घालतात. चालवताना कधीच नाही. हा फरक मला पुस्तिकेत वाचून कळला होता. का, ते बाबांकडून कळलं, पण नंतर.

तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा ते एक या सोसायटीनं दिलेल्या वेळात, बाबा माझ्या मदतीला उभे होते. मी फळी आत सोडायची, त्यांनी मागून आधार द्यायचा. हँडलचा अर्धा फेरा म्हणजे ०.८ मिलिमीटर. फळी आठ इंच रुंद, लाकूड सागवान, एका वेळी याहून जास्त घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. जाडी मोजली होती. पुढच्या टोकाला.

वखारीतली करवत शेवटाकडे थोडी भटकली होती आणि फळी मागच्या टोकाला तीन मिलिमीटर जाड होती. मी तिथं मोजलंच नव्हतं. पहिले दोन फूट व्यवस्थित गेले. मग आवाज जाड होत गेला, मोटर कण्हायला लागली आणि फळी थांबली. रोलर तिच्यावर जागच्या जागी घसरत होते, पाती फिरत होती. दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारे मफ. बाबा वाकले. यंत्राच्या तोंडासमोर, डोळे फळीच्या पातळीत, आत काय अडकलंय ते बघायला. डावा तळहात फळीच्या टोकावर, ढकलायला. उजवा हात खालून, फळी आणि पाट यांच्यामध्ये, उचलून मदत करायला.

"ए, हात काढ! हात काढ तिथून!"

मफमधून ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले आणि मागं सरले. मी स्विच बंद केला. दंडगोल थांबायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत मला कळलं की मी बाबांना अरेतुरे केलं. आमच्या घरात बाबांना कुणी तसं बोलत नाही, आईसुद्धा नाही.

पुढं दोन गोष्टी होऊ शकल्या असत्या. रोलरनं अचानक पकड घेतली असती तर फळी खाली दबून त्यांची बोटं पाटाच्या कडेवर चिरडली असती. किंवा फळी, नाहीतर सुटलेली एखादी गाठ, मागं फेकली गेली असती, आणि समोर त्यांचा चेहरा होता. यंत्राच्या बाजूला उभं राहायचं, सरळ रेषेत कधीच नाही, हे मी वाचलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं होतं.

ते काही न बोलता वर गेले. मी प्लग काढला, हँडल उलटं फिरवून पाती उचलली, फळी बाहेर ओढली, भुसा झाडला. वर गेलो तेव्हा ते चहा घेत होते. मी म्हटलं, "बाबा, मघाशी..." ते म्हणाले, "कारखान्यात तू असतास तर तुला शाबासकी दिली असती." मग बराच वेळ थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधीच ऐकली नव्हती. त्यांच्या शेजारच्या ड्रिलिंग मशीनवरचा एकजण. हिवाळ्याची सकाळ, लोखंड गार, म्हणून त्यानं हातमोजा घातला होता. मोज्याचा एक धागा अडकला. "मोजा नसता तर कातडं गेलं असतं," बाबा म्हणाले. "मोजा होता म्हणून बोट गेलं." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "लाकूड म्हणून मी गाफील राहिलो. लेथवर असा हात घातला नसता."

रविवारी सकाळी मी खाली गेलो तेव्हा ते आधीच तिथं होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट बदलून अर्ध्या बाह्यांचा घातला होता, घड्याळ काढून ठेवलं होतं. जमिनीवर खडूनं यंत्राच्या दोन्ही तोंडांपासून भिंतीपर्यंत दोन पट्टे आखले होते. त्या पट्ट्यांत चालू मशीनसमोर कुणी उभं राहायचं नाही. फळी अडकली तर जो आधी बघेल त्यानं हात वर करायचा, दुसऱ्यानं स्विच बंद करायचा, आणि प्लग निघेपर्यंत फळीला कुणीही हात लावायचा नाही. फुटभरापेक्षा लहान तुकडे मशीनमध्ये नाहीत. ते पुस्तिकेतही होतं, पण बाबांनी पुस्तिका वाचली नव्हती. दोन रोलरमधलं अंतर पट्टीनं मोजून त्यांनी ते काढलं होतं. मास्क दोघांनाही. हा माझा नियम. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय, आणि सागाच्या धुळीनं तसंही त्यांचं नाक दोन दिवस गळत होतं.

चार फळ्या, ३८ वरून २८ मिलिमीटर. प्रत्येक फळीचे बारा-तेरा फेरे, एकेक तेरा-चौदा सेकंदांचा. रेषा उलट्या दिशेला जात असेल तर लाकूड उखडतं, म्हणून कडेला रेषा बघून फळी फिरवायची. सागात वाळूसारखी सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात; शेवटच्या फळीला आवाज बदललेला बाबांना माझ्या आधी कळला. भुशाची दोन पोती भरली. वास आठवडाभर जिन्यात होता.

कडेच्या एका फळीला तुळईची जुनी बाहेरची बाजू होती. वाकसानं तासलेली, खवल्याखवल्यांची. मिस्त्री म्हणाले, हिला मशीन लावू नका. ती आम्ही टेबलाच्या खाली ठेवली. वरून दिसत नाही. बाबा जेवताना त्याच बाजूला बसतात, आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात टेबलाखाली जातो.

आता देव्हारा करायचाय. परवा मी फळी उचलली तर मागून आवाज आला, "थांब. किती ठिकाणी मोजलंस?"

एकाच ठिकाणी मोजलं होतं.