ओट्याखालचा पेला

बनेद अल-गारच्या या इमारतीत आम्हाला एकोणीस वर्षं झाली. हारिस बांगलादेशी. लिफ्ट बंद पडली की पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन वर येतो. मी त्याला ताक देते, आग्रह करून देते. पेला मात्र वेगळा, ओट्याखाली ठेवलेला. कधी ठरवलं, आठवत नाही.

लेक मानवशास्त्र शिकते. सुट्टीत आली ती इरावती कर्वे वाचत. मला आपलं 'युगान्त' तेवढं ठाऊक. ती सांगत होती, १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या. गाईड ऑयगेन फिशर, गोऱ्या वंशाला श्रेष्ठ मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, गाईडच्याच विरोधात!

"हे जर्मन लोक म्हणजे..." मी म्हटलं.

"थांब गं आई." मग तिने 'वाटचाल'मधली पंढरीची वारी सांगितली. दिंडी एक, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची चूल वेगळी. बाईंना ते सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी हारिस आला. लेकीने ताक आमच्याच पेल्यात ओतलं. मी काही बोलले नाही. रात्री तो पेला मी दोनदा घासला, तिचं लक्ष नाही असं बघून.

ती परत गेली. ओट्याखालचा पेला मी आता फडताळात, बाकीच्यांत मिसळून ठेवलाय. अजून ओळखू येतो.