‘महिना फक्त १ टक्का’ म्हणजे वर्षाला किती?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण दिवाळीच्या आधी वाचून घ्या.

कारखान्याचं धुराडं पेटायला वेळ आहे, बिल त्याच्याही नंतर. सण मात्र थांबत नाही. पोरांची फी, सोसायटीचं येणं, घरातलं एखादं लग्न, सगळं याच दिवसांत येतं. त्यामुळे शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड पट्ट्यात कर्जाच्या जाहिरातींचा हंगाम उसाच्या हंगामाआधी सुरू होतो. ‘महिना फक्त १ टक्का’, ‘आधार आणा, पैसे न्या’, ‘०% व्याज’. पूर्वी हे विजेच्या खांबावर चिकटवलेलं असायचं. आता ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि आमच्यासारख्या बातम्यांच्या पेजवर येतं.

परवा एका फायनान्सचा माणूस असंच एक डिझाइन घेऊन आला. हसरा शेतकरी, मागं ट्रॅक्टर, मधे ठळक ‘१%’. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत दोन ओळी. मी विचारलं, हा १ टक्का कशावर? तो म्हणाला, “साहेब, तुम्ही टाका तर. इचारायला येतील त्यास्नी आम्ही सांगतो की.”

पुढचं सगळं त्या ‘सांगतो की’ वर चालतं.

आकडेमोड करून बघू. १ लाख रुपये, दोन वर्षं, महिना १ टक्का. हा दर सरळ, म्हणजे फ्लॅट असेल तर व्याज २४ हजार. एकूण १ लाख २४ हजार, २४ हप्ते, हप्ता ५,१६७ रुपये. ऐकायला वर्षाला १२ टक्के. पण पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर देता. घटत्या बाकीवर धरलं तर हाच दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. आता २ हजार प्रोसेसिंग फी आणि ३ हजारांचा विमा आधीच कापून हातात ९५ हजारच टेकवले, तर तो २७ टक्क्यांवर जातो. हप्ता तोच, जाहिरात तीच.

या २७ ला नाव आहे, एपीआर. व्याज आणि सगळे खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केलं. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, सगळ्यांना. कर्जदाराला समजेल त्या भाषेत एक तक्ता द्यायचा. त्यात एपीआर, सगळ्या फिया, विम्याचा खर्च, हप्त्यांचं वेळापत्रक. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हा तक्ता दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे. तक्त्यात नसलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

नियम चांगला आहे. अडचण एवढीच की हा कागद हातात येतो तेव्हा माणूस ऑफिसात बसलेला असतो, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिलेल्या असतात, घरी सांगून आलेला असतो की आज काम होतंय. त्या वेळी २७ चा आकडा वाचून उठून जाणारे किती? माणूस दारापर्यंत आला तो जाहिरातीतल्या १ टक्क्यामुळे. म्हणून माझं म्हणणं, खरा दर जाहिरातीतच पाहिजे.

अमेरिकेने हे १९६८ च्या कायद्यात घातलं. तिथे कर्जाच्या जाहिरातीत हप्त्याचा नुसता आकडा जरी आला, तरी एपीआर आणि परतफेडीच्या अटी सोबत द्याव्या लागतात. सोयीचा आकडा एकटा मिरवता येत नाही.

आपल्याकडेही रान अगदी मोकळं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ पासून लागू आहेत, माध्यम कुठलंही असो. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. आणि दाव्याच्याच अक्षरांत. म्हणजे मराठीत ‘१%’ आणि खाली इंग्रजी मुंग्या, हे चालत नाही. पैसे घेऊन भलामण केली असेल तर तेही उघड सांगायचं. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो भलामण करणाऱ्यालाही लागू शकतो. गावोगावच्या ‘रील स्टार’ मंडळींनी एवढं तरी वाचावं. सोनेतारण करणाऱ्या फायनान्स कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय की दोन-तीन मिनिटांत कर्ज असल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती करू नका.

आता ‘०%’ चं. आपल्या भागात हा शब्द लवकर पटतो, कारण शून्य टक्क्याचं पीक कर्ज खरंच आहे. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं की केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. पण ते व्याज सरकार भरतं. मोबाइलच्या नाहीतर फ्रिजच्या दुकानात ते कोण भरणार? एकतर रोखीची सवलत तुम्हाला मिळत नाही, नाहीतर फीमध्ये ते वसूल होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. सोसायटीतल्या शून्यावरचा विश्वास असा फुकटात उचलला जातो, याचा मला जास्त राग येतो.

पतसंस्थांचं वेगळं. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेचा तो तक्ता त्यांना लागू नाही. पण जाहिरातीचे नियम सगळ्यांनाच आहेत. आणि खरं सांगायचं तर या बाबतीत मला एका पतसंस्थेचाच अनुभव चांगला आला. मॅनेजरना विचारलं, दर घटत्या बाकीवर का? त्यांनी तिथल्या तिथं दर, शेअर्सची कपात, फी, दंडव्याज असं सगळं वहीच्या पानावर लिहून दिलं. ते पान मी ‘जाहिरात’ असं वर लिहून जसंच्या तसं टाकलं. लाइक फार आले नाहीत. त्यांच्याकडे चौकशीला मात्र माणसं गेली.

पेज चालवायचं तर जाहिराती लागतात, हे मी नाकारत नाही. इंटरनेटचं बिल, पेट्रोल, पुराच्या वेळी नृसिंहवाडीपासून राजापूरपर्यंत फिरणं, हे बातमीच्या पैशातून होत नाही, जाहिरातीतूनच होतं. ट्रॅक्टरवाल्या डिझाइनचे महिन्याचे पैसे बरे होते. पण कर्ज देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, दर सरळ की घटता, सगळे खर्च धरून एपीआर आणि १ लाखाला एकूण फेड किती, एवढं मराठीत आणि मोठ्या अक्षरात असल्याशिवाय कर्जाची जाहिरात या पेजवर लागणार नाही. त्या माणसाला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, “मग फोन कोण करंल?” दोन दिवसांनी तेच डिझाइन दुसऱ्या दोन पेजवर दिसलं. पेजवाले दोघेही ओळखीचे आहेत, वाचतीलच.

ॲपवरून कर्ज घेणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर जुलै २०२५ पासून अधिकृत कर्ज ॲप्सची यादी आहे, आधी त्यात नाव शोधा. गेल्या वर्षभरात कर्ज घेतलं असेल तर फाईल काढून तो तक्ता मिळालाय का बघा. मिळाला असेल तर नाव, खाते नंबर झाकून फोटो इनबॉक्सला पाठवा. जाहिरातीतला दर आणि तक्त्यातला दर शेजारी शेजारी ठेवून पुढच्या रविवारी टाकतो.