वीज परत आल्यावर

लातूरच्या एका डाळमिलमध्ये ऐन तुरीच्या हंगामात पॅकिंगची लाइन बंद पडली. कामगार हजर होते, माल तयार होता, दारात ट्रक उभे होते; पण पॅनेलमधील एक लहानशी राखाडी पेटी काही केल्या पुढचा हुकूम देईना. पुण्याहून तंत्रज्ञ येण्यास दोन दिवस लागले. त्याने लॅपटॉप जोडला, पडद्यावर क्षणभर पाहिले आणि धुळीने माखलेला एक सेन्सर रुमालाने पुसला. लाइन सुरू झाली. बिल देताना मालकांना पैशांचे वाईट वाटले नाही. तीन पिढ्या ज्या घरात खातेवही दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ आली नाही, त्या घराला आपल्याच गिरणीतील यंत्राचे लिखाण वाचता येऊ नये, हे मात्र त्यांच्या मनाला लागले.

मालकांचे वय बेचाळीस, शिक्षण बी.कॉम. ही पेटी चालवणारी विद्या आपण शिकणार, असे त्यांनी घरी सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, “ज्याचे काम त्याने करावे. आपण भाव पाहावा.” तरीही आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांकडे ते दर रविवारी सकाळी जाऊ लागले.

त्या पेटीला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, थोडक्यात पीएलसी म्हणतात. तिच्या जन्माची हकिगत निदेशकांनी पहिल्याच दिवशी सांगितली. पूर्वी कारखान्यातील यंत्रांचा क्रम शेकडो रिले तारांनी जोडून ठरवला जाई. मोटारीचे मॉडेल बदलले की तारांचे ते जंजाळ पुन्हा नव्याने जोडावे लागे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेतील सहकाऱ्यांनी जो कंट्रोलर घडवला, तो संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्याचे नाव ‘०८४’. रिलेचे नकाशे वाचणाऱ्या वायरमनलाही समजावी अशी शिडीसारखी चित्रलिपी त्यासाठी वापरली गेली. तिलाच लॅडर म्हणतात. पुढे १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात पाच भाषा नमूद झाल्या, तरी नवख्या माणसाने आरंभ लॅडरनेच करावा, असा निदेशकांचा आग्रह होता. संगणकाची पदवी नसलेल्यांसाठीच जी लिपी योजली गेली, ती आपल्यालाही येईल, असा धीर मालकांना आला.

कामाची रीतही त्यांना ओळखीची वाटली. पेटी आधी सर्व बटणांची आणि सेन्सरची स्थिती टिपून घेते, मग लिहिलेला प्रोग्रॅम वरून खाली तपासते आणि शेवटी मोटार, दिवा, झडप यांना हुकूम सोडते. काही मिलिसेकंदांत ही फेरी संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. आधी पावत्या गोळा कराव्यात, मग नोंदी कराव्यात, शेवटी शिल्लक काढावी, तसाच हा रोजमेळ. एकाच मोटारीचा हुकूम प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी लिहिला, तर शेवटचा लागू होतो आणि पहिला मुकाट्याने बुडतो. एकच खाते दोन वह्यांत लिहिल्यावर जो घोटाळा होतो, तोच येथेही होतो.

पहिले दोन महिने खर्च जवळजवळ झाला नाही. लॅपटॉपवर विनाशुल्क मिळणाऱ्या प्रणालीत खोटी बटणे दाबून खरा सराव करता येतो. त्यानंतर एक लहान पीएलसी, चोवीस व्होल्टचा पुरवठा, दोन बटणे आणि मोटारीच्या जागी एक दिवा एवढ्यावर धडा पुढे सरकला. चालू पॅनेलला हात लावायचा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून होती.

पहिला धडा सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा. मालकांना एक गोष्ट उलटी वाटली. थांबवण्याच्या बटणातून, ते दाबलेले नसताना, वीज सतत वाहत असते. दाबले की ती तुटते. असे का? निदेशकांनी उत्तर न देता त्या बटणाची तार उपटली. दिवा विझला. तार उंदराने कुरतडली तरी यंत्र थांबावे, चालत राहू नये, यासाठी ही योजना.

एका रविवारी मालकांनी स्वतःहून नवा प्रोग्रॅम लिहून आणला. डाळ पुढे नेणारा पट्टा आधी सुरू व्हावा, टायमरने काही सेकंद मोजून मग त्यावर माल टाकणारा एलिव्हेटर. थांबताना मात्र एलिव्हेटर आधी, पट्टा शेवटी. म्हणजे माल तुंबणार नाही. क्रम अचूक होता. निदेशकांनी तो पाहून मान डोलावली आणि मुख्य पुरवठा बंद केला. दिवे विझले. थोड्या वेळाने त्यांनी तो पुन्हा दिला. कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी पट्ट्याचा दिवा आपोआप पेटला.

मालक प्रथम खूश झाले. ‘चालू’ ही नोंद त्यांनी मुद्दामच वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवली होती, वेळ वाचावा म्हणून.

निदेशकांनी शांतपणे विचारले, “शेठ, लाइट गेल्यावर तुमच्या मिलमध्ये माणसे काय करतात?”

मालकांना लगेच बोलता आले नाही. लाइट गेली की माणसे एलिव्हेटरचे झाकण काढून, तुंबलेली डाळ हाताने उपसतात. हे ते लहानपणापासून पाहत आले होते.

तो प्रोग्रॅम त्यांनी तेथेच पुसला. नव्या प्रोग्रॅममध्ये वीज गेली की ‘चालू’ ही नोंद नाहीशी होते आणि वीज आल्यावर माणसाने बटण पुन्हा दाबावे लागते. निदेशकांनी एवढ्यावरही समाधान मानले नाही. झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली आत हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. आणीबाणीचे लाल बटणही प्रोग्रॅमच्या भरवशावर न ठेवता तारांनीच मोटारीचा पुरवठा तोडेल असे जोडायचे, हे त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावले.

रात्री जेवताना मालकांनी ही हकिगत वडिलांना सांगितली. वडिलांनी घास हातातच ठेवला.

“लाइट गेली की मी गल्ला सोडून मेन स्विचजवळ का उभा राहत असे, तुला ठाऊक आहे?”

मुलाला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटत आली होती.

“स्विच पाडायचा आणि शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. तुझ्या आजोबांनी मला ते काम दिले होते.” थोडे थांबून ते म्हणाले, “उद्या ते कुलूप आण. आणि त्या पेटीत काय लिहिले आहेस, ते मलाही एकदा वाचून दाखव.”