काठाचं ऊन

मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास मी अजूनही पश्चिमेच्या खोलीत जाते आणि भिंत जिथे स्लॅबला भिडते तिथे स्टुलावर चढून तळहात टेकवते. हे मला एका मिस्त्रींनी शिकवलं. गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, मीही तेच म्हणते.

आईला अर्धांगवायू झाला ते साल २०११. कस्तुरबा रुग्णालयातून तिला घरी आणलं तेव्हा एप्रिल सरत आला होता. घर आमचं सेवाग्राम रस्त्याला, एकमजली, स्लॅबचं. आईसाठी मोकळी होती ती पश्चिमेची खोलीच. पलंग भिंतीला लावावा लागला, कारण एका बाजूने तिला भिंतीचा आधार हवा असे. कूलरचा ओला वारा तिला सोसत नव्हता. लुळा पडलेला हात रात्रभर ठणकायचा. आणि वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या पुढे.

घर थंड राहावं म्हणून आम्ही आधीच्याच वर्षी एका ठेकेदाराकडून गच्चीवर काम करून घेतलं होतं. दोन इंच जाडीचे थर्माकोलचे दाट तक्ते, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स, कडेला कठड्याला लागून सिमेंटचा वाटा. दिसायला काम नेटकं होतं. दुपारी खोलीच्या मध्ये उभं राहिलं तर फरकही कळायचा. पण संध्याकाळी सहानंतर आईच्या पलंगाकडे गेलं की जणू कुणी शेजारी चूल पेटवली आहे. रात्री अकरापर्यंत ती भिंत धगधगत राही. आई बोलू शकत नव्हती. तोंड भिंतीकडून फिरवण्याचा प्रयत्न करायची.

ठेकेदाराला दोनदा बोलावलं. आणखी एक थर टाकू, असं म्हणून तो गेला.

मिस्त्री आले ते न्हाणीघराचा नळ बसवायला. आईकडे डोकावले, तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि भिंतीपाशी थांबले. मग मला म्हणाले, "ताई, एक ओलं फडकं द्या." स्टुलावर चढून त्यांनी छताचा एक पट्टा भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत पुसून काढला, आणि आम्ही दोघं वर बघत उभे राहिलो. भिंतीलगतची वीतभर ओल आधी उडाली. मग तिच्या पुढची. मधला भाग अजून ओलाच होता.

"माथ्यावरून नाई येऊन राहिली गरमी," ते म्हणाले. "काठावरून येऊन राहिली. तुमी माथा झाकला, काठ उघडा ठेवला."

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत असे. उष्णतेचं वहन हा धडा मी वीस वर्षं शिकवला होता: लोखंडी सळई, मेणाचे थेंब, एक टोक दिव्यात. तीच सळई माझ्या घरावर आडवी पडली होती. आमचा स्लॅब पश्चिमेला भिंतीच्या बाहेर दीड फूट काढलेला आहे, भिंतीला सावली मिळावी म्हणून, आणि त्याच्या कडेवर कठडा. थर्माकोल कठड्याच्या आतल्या अंगाशी थांबलेलं. म्हणजे बाहेर निघालेलं काँक्रीट कठड्यातून, खालून आणि कडेने तापत होतं, आणि तेच काँक्रीट कुठेही न तुटता भिंत ओलांडून आईच्या डोक्यावर येत होतं. काँक्रीट थर्माकोलच्या चाळीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वरून बंद केलेली वाट उष्णतेने बाजूने काढली होती. जाड स्लॅबला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. म्हणून दुपारचं ऊन आईला रात्री लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला सेवाग्राम आश्रमात घेऊन गेले. लहानपणापासून शंभरदा गेलेली मी, पण त्या दिवशी त्यांनी मला कुटीत जाऊ दिलं नाही, बाहेरून फिरवलं. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावात आले. गावाला सेवाग्राम नाव पडलं ते पुढे, १९४० साली. आदी निवास उभा राहिला तो आसपासच्या मालातून आणि गावच्या हातांनी: माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. बापू कुटी आधी मीराबहेनची. तिच्या भिंतींवर त्यांनी मातीत उठवलेली झाडं आणि चरखा पाहायला लोक येतात. विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला बोलले ते याच कुटीविषयी. मिस्त्रींचं लक्ष मात्र वळचणीकडे होतं. त्यांचे वडील दर वर्षी पावसाआधी आश्रमातले कवेलू फेरायला जात, आणि मिस्त्री पोरवयात खालून कवेलू हातात देत.

"पाहा ताई. छप्पर भितीवर थांबते का? भित ओलांडून खाली येते. थ्या भितीले उन्ह दिसतच नाई."

मे महिन्याची २४ तारीख असावी. वर्धा २०.७ अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या सुमाराला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडात शिरते. दुसऱ्या दिवशी नवतपा लागतो. आम्ही उभे होतो तेव्हा चार वाजले होते, ऊन तिरपं होऊन पश्चिमेकडून येत होतं, आणि तरी ते मातीच्या भिंतीवर चढू शकत नव्हतं. पडवीतच अडत होतं. कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जात होती. मी तळहात भिंतीवर ठेवला. ती भिंत माझ्या हातापेक्षा गार होती.

पुढचे सहा दिवस मिस्त्रींनी आमच्या गच्चीवर काम केलं, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. आधी त्यांनी वाट्याजवळचा कोबा फोडून पाहिला. तिथे केसाएवढी भेग होती. ती पाहून त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर कागदावर मांडून बघितलं: तीस फुटांचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर अडीच-तीन मिलिमीटर वाढतो, आणि निवला की आखडतो. हे दररोज. भिंत एवढी हलत नाही. मग सांधा कोपऱ्यात फाटतो, आणि उन्हाळ्यात जिथून ऊन शिरतं तिथूनच जुलैत पाणी शिरतं. आमच्या कोपऱ्यातली ओल आणि आईची भट्टी एकाच जागेतून येत होती. मी दोन्हींवर वेगवेगळे पैसे घातले होते.

भेग भरून त्यांनी तक्ते गच्चीच्या थराला चिकटून, मध्ये बोटभरही फट न ठेवता, कठड्यावर चढवले. आतल्या अंगाने वर, माथ्यावरून आडवे, बाहेरच्या अंगाने खाली. मग स्लॅबची कड, मग बाहेर आलेल्या दीड फुटाची खालची बाजू, थेट भिंतीपर्यंत. त्यावर बारीक तारेची जाळी, जाळीवर गिलावा, गिलाव्यावर चुना. कडेच्या खालच्या अंगाला त्यांनी एक बारीक खाच ओढली, पावसाचा थेंब तिथेच तुटून पडावा म्हणून. गुंडाळणं म्हणायचे ते या कामाला. तान्ह्या मुलाला दुपट्यात घेताना पाय उघडे राहू नयेत, तसं. तक्त्यांचा सांधा आला की प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून त्यात नख घालून बघत. नख गेलं तर तक्ता परत काढत.

हे शिक्षण त्यांनी कुठे घेतलं, असं मी विचारलं होतं. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात काही वर्षं कामाला होतो, एवढंच म्हणाले. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली उभं केलेलं हे केंद्र. कुंभाराच्या चाकावर केलेले निमुळते पोकळ नळे एकात एक अडकवून छताची कमान कशी उभी करतात, ते मिस्त्रींनी मला पाण्याचे पेले अडकवून दाखवलं.

माझा भाचा जर्मनीत बांधकामाच्या क्षेत्रात आहे. फोनवर हे सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्पच झाला. तिकडे सपाट छपराला स्लॅबच्या वरून ऊबदार थर घालतात, आणि तपासणारा आधी कठड्याशी जातो: थर कठड्यावर चढला आहे का, पलीकडे उतरून भिंतीच्या थराला मिळाला आहे का. नाहीतर हिवाळ्यात घरातली ऊब कडेने निसटते, कोपरा गार पडतो, खोलीतली वाफ तिथे दव होऊन बसते आणि बुरशी धरते. तिथे ऊब आत ठेवायची, इथे बाहेर. कामाची जागा तीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, एका रात्री आईने भिंतीकडे तोंड करून झोप घेतली. त्यानंतर ती अडीच वर्षं होती. दोन पूर्ण उन्हाळे तिने त्या पलंगावर काढले. मिस्त्रींनी मजुरी घेतली, त्यांच्या नेहमीच्या दराने, एक रुपया जास्त नाही. दिवाळीला फराळाचा डबा पाठवला की तो भरून परत येई, कधी तुरीच्या शेंगा, कधी बोरं.

त्यांचं घर मी पाहिलं ते आठ वर्षांनी. ते पडल्याचं कळलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. एप्रिलची दुपार होती. विटांच्या दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, आणि पत्र्याखाली खाटेवर मिस्त्री. आत उभं राहवेना. मी इतकी वर्षं त्यांच्या हातचा गारवा घेत होते आणि ते कशाखाली झोपतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर ते त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "दुसऱ्याचंच काम पुरे होत नाई जी."

त्यांच्या मुलाला आणि मला ठरवायला दहा मिनिटं लागली. बांबूच्या ताट्या मी वर्ध्याहून आणल्या. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून त्या बांधायच्या, त्यांना खालून शेणामातीचा लेप द्यायचा, आणि पश्चिमेला पत्र्यापुढे एक ताटी उतरती सोडायची, वळचणीसारखी. मी शिकलेलं सगळं लावलं. भिंतीचा माथा आणि पत्रा यांच्यामधली फट विटांनी बुजवायला मुलाला सांगितलं. काठ आधी, म्हटलं.

खाटेवरून मिस्त्रींनी हात वर केला.

"ती नका बुजवू, ताई. हा स्लॅब नोहे. पत्र्याखालची हवा तापन, तिले निघाले वाट लागन. इकून एक, तिकून एक." मग मुलाकडे वळून म्हणाले, "फटीले जाळी लाव. चिमण्या येतीन."

मुलगा बसवलेल्या विटा काढू लागला. मी खाली उभी राहून त्या एकेक हातात घेत होते.